सांभाळायला शिकण्याची फी

पहाटे पाचची ड्यूटी

जबलपूरच्या रांझी भागातल्या त्या घरात पहाटे पाचला दिवा लागतो. अप्पा उठतात, शर्टाची बटणं लावतात, डबा मागतात आणि दाराची कडी चाचपायला लागतात. वय ब्याऐंशी. त्यांना व्हेइकल फॅक्टरीत जायचं असतं. लष्कराचे शक्तिमान ट्रक जिथे तयार होत, तिथे त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीला वीस वर्षं उलटली आहेत, पण हे त्यांना आता ठाऊक नाही.

सून पहिल्यांदा समजावून पाहायची. ‘‘अप्पा, तुम्ही रिटायर झालात. आठवतंय ना?’’ अप्पांना ते आठवत नसे, आणि सून आपली रोजी बुडवायला निघाली आहे असं वाटून ते भडकत. एकदा त्यांनी डबा भिंतीवर फेकला. नवऱ्याने दाराला बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तेव्हा अप्पांनी इतका धिंगाणा केला की शेजारी धावून आले. अशी जवळजवळ दोन वर्षं गेली. मग दिवसभरासाठी ठेवलेल्या दीदीने एके दिवशी सहज म्हटलं, ‘‘बाबूजी, आज तो इतवार है. फैक्टरी बंद.’’ अप्पा थांबले. ‘‘अच्छा, इतवार?’’ म्हणाले आणि चपला काढून परत खाटेवर जाऊन बसले. त्या घरात आता रोज इतवार असतो.

सुनेला सुटका झाल्यासारखं वाटतं, पण मनाला टोचतंही. ‘‘आम्ही त्यांच्याशी रोज खोटं बोलतो हो,’’ ती मला म्हणाली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वास्तवाची आठवण करून देत बसू नये, त्याच्या मनातल्या काळात जाऊन त्याला शांत करावं, हा सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणातला अगदी सुरुवातीचा धडा आहे. त्या घराला तो दोन वर्षांनी मिळाला, तोही योगायोगाने. मधल्या काळात डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करून घेतला, गोळ्या लिहून दिल्या, दर तीन महिन्यांनी बोलावलं. घरी गेल्यावर नेमकं करायचं काय, हे सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. ते सांगणारी दुसरी जागा कुणाला माहीत नव्हती.

संपादकांनी या अंकासाठी ‘सांभाळ’ हा विषय दिला, तेव्हा मला जबलपूर सुचलं ते अशा घरांमुळे. माझा प्रश्न साधा होता. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी, रीतसर पैसे घेऊन, आठ-दहा जणांचा शिकवणीवर्ग चालवला, तर ही माणसं येतील का? आणि यावं का?

पेन्शनरांचं शहर

जबलपूर आणि मराठी माणूस यांचं नातं जुनं आहे. इंग्रजांनी 1817 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली, आणि 1956 पर्यंत नागपूर-जबलपूर एकाच राज्यात राहिले. कारकून, मास्तर, वकील, रेल्वेतले बाबू यांची ये-जा त्यामुळे सहज होती. 1904 मध्ये गन कॅरिज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना, 1969 मध्ये व्हेइकल फॅक्टरी. मध्य प्रदेश झाल्यावर उच्च न्यायालय इथे आलं, वीज मंडळाचं मुख्यालय आलं. गोलबाजारातल्या दत्त मंदिराभोवती आणि नेपियर टाउन, राइट टाउनच्या जुन्या बंगल्यांत मराठी बोलणारी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं अजून भेटतात.

हे सारं सांगायचं कारण असं की, या शहरात सरकारी पेन्शन घेणारे म्हातारे खूप आहेत आणि त्यांची मुलं पुणे, हैदराबाद, बंगळुरू किंवा त्याहून दूर गेली आहेत. घरात मागे राहतं एक थकलेलं जोडपं, किंवा साठीला टेकलेली सून अथवा लेक. पैशाची अगदी चणचण नसते. माणसाची असते, आणि माहितीची त्याहून जास्त. मोठ्या तपासणीसाठी पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला जाणारी कुटुंबं मला भेटली. सकाळी निघायचं, दहा मिनिटं डॉक्टरांसमोर बसायचं, रात्री परत.

देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या शंभरांतल्या साधारण 7.4 जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. प्रत्येकामागे किमान एक सांभाळणारं माणूस धरा. एवढी माणसं हे काम कुणीही न शिकवता करत आहेत.

जबलपूरच्या मराठी घरांत आणखी एक अडचण पाहिली. नेपियर टाउनमधल्या एका बाईंच्या आई आयुष्यभर शाळेत हिंदीतून शिकवत आल्या. आजार वाढला तशी हिंदी मागे पडली, आता त्या फक्त मराठी बोलतात. हे या आजारात पुष्कळदा होतं, नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. मदतीला येणारी भाभी सिहोऱ्याकडची, तिला मराठीचा गंध नाही. आई ‘मोरीत जायचंय’ म्हणत राहायच्या, भाभी पाणी आणून द्यायची, आणि मग कपडे खराब झाले की दोघी रडकुंडीला यायच्या. लेकीने शेवटी एक कागद भिंतीवर चिकटवला. डावीकडे आईचे मराठी शब्द, उजवीकडे त्यांचा हिंदी अर्थ. मोरी, दुखतंय, गार लागतंय, भीती वाटते, पुरे. लिपी एकच असल्याने भाभीला वाचता आलं. कपडे खराब होणं पुष्कळ कमी झालं. हा कागद जबलपुरातल्या प्रत्येक मराठी घराला लागणार आहे, पण लेकीचा कागद तिच्या भिंतीपुरताच राहिला.

गोव्याने करून पाहिलेलं

सांभाळणाऱ्यांना शिकवल्याने खरोखर काही फरक पडतो का, याचं आपल्या भागातलं सर्वांत चांगलं उत्तर गोव्याकडे आहे. ‘संगात’ ही संस्था तिथे 1996 पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली 81 कुटुंबं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. 41 कुटुंबांना लगेच मदत सुरू झाली, 40 जणांना सहा महिने थांबायला सांगितलं, म्हणजे तुलना करता येईल.

मदत कोण करत होतं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. स्थानिक भाषा येणाऱ्या, बेताचं शिक्षण झालेल्या आणि म्हाताऱ्या माणसांविषयी आस्था असलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभराचं कसून प्रशिक्षण दिलं गेलं. त्या ठरावीक दिवसांनी घरी जात. हा आजार काय आहे हे सांगत. आंघोळ, जेवण, राग, भटकणं यांना कसं तोंड द्यायचं ते त्या घराच्या सोयीने दाखवत. घरातल्या इतरांनी कामाचा वाटा उचलावा म्हणून बोलत. मागे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक असत, गरज पडली तर औषधासाठी तेच पाहत. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलेलं होतं, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला होता. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेरी मिटलमन यांनी त्याआधीच 406 पती-पत्नींबरोबर असं काम केलं होतं. कुटुंबाशी सल्लामसलत, मग कायमचा मदतगट, आणि अडल्यावर फोन करायची मुभा. ज्यांना हे मिळालं त्यांनी आपल्या जोडीदाराला संस्थेत ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्षाने पुढे ढकलली. 557 दिवस, असा नेमका आकडा त्यांनी दिला. आजार तोच होता आणि औषधंही तीच. घरच्यांना मिळालेला आधार तेवढा वेगळा होता.

वर्गात शिकवायचं काय

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला हा आजार जवळून दाखवला. हत्तीमागून चालत निघालेले मोहन आगाशे पाहून आपण हेलावलो. त्यानंतर आपल्याच घरी आजी उठून चालू लागली तर काय करायचं, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही. म्हणून इथे जरा तपशिलात जाते.

आंघोळीचं घ्या. भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात आंघोळ ही लढाई होती. म्हातारी माणसं हटवादी होतात, असं घरचे म्हणतात. खरं म्हणजे आजारात पाण्याची खोली, तापमान, अंगावर अचानक पडणारी धार यांचा अंदाज मेंदूला येत नाही. कपडे काढणाऱ्या बाईची ओळख पटत नाही. त्यामुळे भीती वाटते, आणि भ्यालेलं माणूस मारतं. यावर उपाय आहेत. शॉवर बंद. बादली आणि तांब्या, कारण हात ते ओळखतात. तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा. पाणी आधी पायावर, मग हातावर, डोक्यावर सगळ्यात शेवटी किंवा त्या दिवशी नाहीच. अंगावर पंचा राहू द्यायचा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आपला नेम सोडायचा, एक दिवसाआड ओल्या कपड्याने पुसलं तरी चालतं. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांत हे शेवटचं सांगणं सर्वांत जड जातं, आणि तिथे आठ कुटुंबं एकत्र बसलेली असली की एकमेकींचं ऐकून ते पटतं.

दुसरं म्हणजे चोरीचा आळ. ‘माझ्या बांगड्या तू घेतल्यास.’ जी सर्वांत जास्त करते तिच्यावरच हा आळ येतो, कारण समोर तीच असते. वस्तू कुठे ठेवली याची नोंदच मेंदूत होत नाही, मग ती नाहीशी झाल्याचं कारण मन स्वतःच रचतं. राइट टाउनमधल्या एका सुनेने हे ऐकलं आणि ती बराच वेळ गप्प बसली. आठ वर्षं तिला वाटत होतं की सासूबाईंच्या मनात पहिल्यापासून हेच होतं, आजारात ते बाहेर पडलं. नणंदांनाही तसंच वाटत होतं, पण उलट्या बाजूने, म्हणजे आळ खरा असावा असं. अशा घरात वाद घालायचा नाही, ‘चला, आपण दोघी शोधू’ म्हणायचं, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन स्वस्त बांगड्या जवळ ठेवायच्या. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दूर राहणाऱ्यांना, हे समजायला हवं.

दिवेलागणीला बेचैनी वाढते. अंधार पडण्याआधीच दिवे लावायचे, पडदे ओढायचे, चारनंतर चहा टाळायचा. एक मुलगा वडिलांना रोज संध्याकाळी नर्मदेच्या आरतीला ग्वारीघाटावर न्यायचा, त्यांना आवडायचं म्हणून. अलीकडे ते गर्दीत आणि लाउडस्पीकरच्या आवाजात घाबरून रडू लागले. त्याने वेळ बदलली. आता बापलेक सकाळी घाटावर जातात, तेव्हा घाट रिकामा असतो.

काही गोष्टी जिवावरच्या आहेत. दोन दिवसांत माणूस एकदम बिघडलं, झोपाळलं किंवा भलतंसलतं बोलायला लागलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसायचं नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं सुरू झालेलं औषध, कमी प्यायलेलं पाणी ही कारणं आधी शोधायची, ती बरी होतात. पुढच्या टप्प्यात घास गिळता येत नाही आणि अन्न श्वासनलिकेत जातं. आडवं असताना भरवणं, घाईने पातळ चहा पाजणं धोक्याचं असतं.

आणि कागदपत्रं. याविषयी मला भेटलेल्या कुटुंबांत सर्वांत दाट अंधार होता. मुखत्यारपत्र करून ठेवलं आहे, म्हणून निर्धास्त असलेले दोघे भेटले. कराराच्या कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की तो अधिकारही संपतो, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा साधं मुखत्यारपत्र उपयोगी पडत नाही. म्हणून मृत्युपत्र, बँकेची संयुक्त खाती, नामनिर्देशन हे सारं निदान झाल्याबरोबर, माणूस स्वतः समजून सही करू शकतो तोवरच करायला हवं. नोव्हेंबरमधला पेन्शनचा हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर घरूनही देता येतो. जुन्या कररचनेत कलम 80 डीडीबीखाली काही मज्जासंस्थेच्या आजारांच्या उपचारखर्चाला वजावट आहे, त्या यादीत स्मृतिभ्रंश येतो, ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाख रुपये. हे एका तासात सांगून होतं. न सांगितल्याने घरं वर्षानुवर्षं बँकांच्या फेऱ्या मारतात.

‘आईला सांभाळायला शिकायचे पैसे?’

आता फीबद्दल. हा प्रश्न विचारला की घराघरांत आधी शांतता पसरायची. मग कुणीतरी म्हणायचं, ‘‘आईला सांभाळायला शिकायचे पैसे द्यायचे?’’ सेवा हे कर्तव्य, कर्तव्य शिकायचं नसतं आणि त्याचे पैसे तर मुळीच नसतात, ही समजूत पक्की आहे. मात्र हीच घरं अटेंडंटला दरमहा पगार देतात, डायपरची खोकी आणतात, नागपूरला गाडी करून जातात, स्मरणशक्ती वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटल्या घेतात. त्या टॉनिकवर गेलेला पैसा वाया गेला, हे त्यांनीच सांगितलं. ज्यावर खर्च केल्याने फरक पडतो असं सिद्ध झालंय, नेमक्या त्याच गोष्टीसाठी खिशात हात जात नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जबलपूरसारख्या शहरात हा वर्ग फी घेऊनच चालवावा. विनामूल्य गट बहुधा एका व्यक्तीच्या उमेदीवर उभे राहतात, आणि ही व्यक्ती बरेचदा स्वतःच घरी कुणाला तरी सांभाळत असते. तिच्या घरचं माणूस गेलं किंवा ती थकली की गट बंद पडतो. फी घेतली की चालवणारं माणूस प्रशिक्षित असावं, वेळेवर यावं, तयारी करून यावं, असा हक्क घरच्यांना मिळतो. पैसे भरलेली सून ‘आज जमत नाही’ म्हणण्याआधी दोनदा विचार करते, आणि घरातले तिला सोडायला तयार होतात. परगावच्या मुलांसाठी तर हा फार चांगला वाटा आहे. फी त्यांनी भरावी आणि निदान एका सत्राला फोनवरून तरी हजर राहावं.

हिशेब अवघड नाही. समजा, आठ कुटुंबं, आठ आठवडे, दर आठवड्याला दोन तास. प्रत्येक सत्राला एका घराचे पाचशे रुपये धरले तर चार हजार जमतात. त्यात शिकवणाऱ्याचं मानधन, जागेचं भाडं, छापील कागद आणि चहा भागायला हवा. आणखी एक खर्च सगळे विसरतात. सांभाळणारी बाई वर्गाला आली तर रुग्णाजवळ कोण बसणार? शेजारच्या खोलीत रुग्णांना गुंतवून ठेवणारी एखादी अनुभवी मदतनीस नसेल, तर ज्यांना वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच बायका येऊ शकणार नाहीत. या मदतनिसाचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलेले असावेत.

दीदी आणि भाभींनाही वर्गात जागा हवी, विनामूल्य. रांझीतला ‘इतवार’ एका दीदीने शोधला होता. दिवसाचे बारा तास रुग्णासोबत त्या काढतात, आणि शिकवायचं मात्र मालकिणीला, हे चालणार नाही. त्या दिवसाचा पगार कापू नये, हेही घरांना सांगावं लागेल.

पैसा आला की भोंदूही येतील. त्यासाठी ओळखायच्या खुणा आहेत. आजार बरा करण्याचं आश्वासन देणारा, वर्गातच गोळ्या-पावडरी विकणारा, आठ सत्रांची रूपरेषा आधी न दाखवणारा, बोललेलं बाहेर जाणार नाही याची हमी न देणारा, अशा माणसाकडे जाऊ नये.

ज्यांच्याकडे फी नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वर्गात दोन जागा राखाव्यात, आणि तरी हे पुरणार नाही, हे मला कळतं. सांभाळणाऱ्याचं शिक्षण हा उपचाराचाच भाग मानून सरकारने त्याचे पैसे द्यायला हवेत. अमेरिकेच्या मेडिकेअरने 2024 पासून सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे पैसे देणं सुरू केलं आहे. आपल्याकडे कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांना केंद्राच्या आरोग्य योजनेतून औषधं मिळतात, दाखल होण्याचा खर्च मिळतो, त्यांच्या सुनेला शिकवायला काही मिळत नाही. तोवर जागतिक आरोग्य संघटनेचं ‘आयसपोर्ट’ हे सांभाळणाऱ्यांसाठीचं मोफत साहित्य आहे, बंगळुरूच्या निम्हान्सने ते भारतासाठी बेतलं आहे. मन थकलं तर टेलिमानस 14416 वर आणि वृद्धांविषयीच्या अडचणींसाठी एल्डरलाइन 14567 वर फोन करता येतो. दोन्ही मोफत आहेत.

सुरुवात कुणी करायची

डॉक्टरांनी करावी, असं घरचे म्हणतात. डॉक्टर म्हणतात, रुग्णच इतके आहेत. मला वाटतं सुरुवात मराठी मंडळांनी करावी. त्यांच्याकडे सभागृह आहे, माणसं ओळखीची आहेत, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना माहीत असतं. गोव्याच्या अनुभवावरून दिसतं की शिकवणाऱ्याला मोठी पदवी लागत नाही, आठवडाभराचं चांगलं प्रशिक्षण आणि मागे उभा राहणारा एक मानसोपचारतज्ज्ञ लागतो. निवृत्त परिचारिका आणि शिक्षिका या शहरात भरपूर आहेत. मंडळाने गणेशोत्सवाच्या वर्गणीतून पहिल्या तुकडीची जागा आणि मदतनिसाचं मानधन उचललं, तर बाकीचं फीमधून निघेल.

नागपूर, इंदूर, रायपूर, बडोदा, जिथे जिथे पेन्शनवर जगणारी मराठी घरं आहेत तिथे हे करता येण्याजोगं आहे. तुमच्या नात्यात असं घर असेल, तर या दिवाळीत फराळाच्या डब्यासोबत दोन गोष्टी पाठवा. एका वर्गाची फी, आणि वर्गाच्या वेळी रुग्णाजवळ बसायला तुमच्या घरातलं एक माणूस.